भांडतो तो भरतो

कर्ज वाटणाऱ्या कंपनीत माणसांच्या दोन जाती असतात. एक देणारी, एक परत आणणारी. देणाऱ्या जातीचा शर्ट इस्त्रीचा असतो, गळ्यात फितीचं ओळखपत्र असतं आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, फ्रीज आणि वॉशिंग मशीनच्या मधल्या बोळात, एक टेबल टाकून ती बसलेली असते. टीव्हीकडे नुसतं बघून पुढं जाणाऱ्या माणसालाही ती 'सर' म्हणते. "सर, आधार-पॅन आहे ना? पाच मिनिटांत करून देतो." परत आणणाऱ्या जातीकडे हेल्मेट असतं आणि बारमाही रेनकोट असतो. ती कुणालाच सर म्हणत नाही. दारात उभं राहून "मालक हैत का घरात?" एवढंच विचारते, आणि मालक घरात असूनही नसतात.

आमचे आप्पा या दुसऱ्या जातीतले. कोल्हापूरच्या शाखेत मी फाईल तपासायला बसतो. माझ्या टेबलावरून माणूस जातो तेव्हा तो कागद असतो: पगाराची स्लिप, बँकेचं स्टेटमेंट, ३०० ते ९०० च्या मधला सिबिलचा एक आकडा. सहा-आठ महिन्यांनी त्यातले काही कागद आप्पांच्या यादीत माणूस होऊन उगवतात. आप्पांचं पूर्ण नाव पगारपत्रकाबाहेर कुणाला ठाऊक नाही. ग्राहकांच्या मोबाइलमध्ये ते 'आप्पा हप्ता' या नावाने आहेत. काहींच्या मोबाइलमध्ये 'उचलू नको' या नावाने आहेत. हेही आप्पांना माहीत आहे, कारण एका गिऱ्हाइकाने आपला मोबाइल त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला होता आणि आप्पांनी खिशातल्या खिशात नंबर लावून बघितला.

आमच्या धंद्यात थकलेल्या माणसाचं वय दिवसांत मोजतात. हप्ता चुकून ३० दिवस व्हायच्या आत तो पहिल्या बकेटमध्ये, ६० पर्यंत दुसऱ्या, ९० पर्यंत तिसऱ्या. ९० ओलांडले की तो एनपीए होतो आणि त्याच्याशी बोलायची भाषा मराठीची वकिली होते. महिन्याच्या २ किंवा ५ तारखेला खात्यातून हप्ता कापायचा हुकूम बँकेकडे जातो. खात्यात खडखडाट असला की तो बाउन्स होऊन परत येतो आणि आप्पांच्या मोबाइलवर यादी उतरते. यादीत नाव असतं, गाव असतं, रक्कम असते, बकेट असते. आप्पा ते काही वाचत नाहीत. ते वस्तू वाचतात.

"तीन फ्रीज, दोन एसी, एक सोफा, नऊ मोबाइल," असं बाजाराची यादी वाचल्यागत म्हणतात आणि लगेच निकाल देतात. "फ्रीजवाले भरतील. फ्रीज बाईच्या ताब्यात असतोय. एसीवाल्याला उन्हाळ्यात गाठायचं. सोफावाला सोफ्यावर बसवून बोलंल, त्याला येळ लागणार. आणि मोबाइलवाल्याचं काय खरं न्हाई, हप्ता सुरू असतानाच त्यानं मोबाइल इकलेला असतोय."

वस्तू वाचून झाली की माणूस. आणि माणसाबद्दल आप्पांचा एकच सिद्धांत आहे, जो त्यांनी पंचवीसेक वर्षं हातकणंगले, शिरोळ, कागल, करवीर असे तालुके दुचाकीवरून घासून तयार केला आहे: भांडतो तो भरतो. चहा पाजतो तो बुडवतो.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे तोंडाला येईल ते वाटलं होतं. मग एकदा पडताळणीच्या निमित्ताने मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून गेलो. पहिलं घर बंगलाच होता. बाहेर तुळस, आत झोपाळा, झोपाळ्यावर स्वतः मालक. थकबाकी दोन बकेटची. आम्हाला बघितल्यावर मालकांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मुलीकडचं स्थळ आलं असावं.

"या, या आप्पा! किती दिसांनी! आवं, पाव्हणं आल्यात, चहा टाका. पोहे पण करा."

आप्पांनी मला हळूच कोपर मारलं. पोहे आले. पोह्यांवर ओलं खोबरं होतं. मालकांनी देशाची अर्थव्यवस्था, जावयाची बदली, यंदाचा पाऊस असे विषय घेतले. आप्पांनी मधे एकदा "हप्त्याचं..." असं म्हटलं, तर मालक दुखावले. "आप्पा, तुमी घरातलं माणूस. घरच्या माणसाला हप्त्याचं काय सांगायचं? येत्या सोमवारी तुमच्या हापिसात येऊन, तुमच्या हातात देतो." निघताना त्यांनी आमच्या हातात आवळ्याचं लोणचं बांधून दिलं.

बाहेर येऊन आप्पांनी मोबाइलमध्ये नोंद केली: पीटीपी, सोमवार. म्हणजे ग्राहकाने पैसे भरण्याचं वचन दिलं. मग गाडीला किक मारताना म्हणाले, "नव्वद पार जाणार ह्यो. लोणचं चांगलं असतंय पण. मागल्या सालचं अजून हाय घरात."

ते कर्ज नव्वद पार गेलं.

दुसरं घर इचलकरंजीत, यंत्रमागाच्या खडखडाटात. वॉशिंग मशीनचं कर्ज, एकच हप्ता चुकलेला. दारात सत्तरीची आजी. आम्ही उंबऱ्याच्या अलीकडेच होतो तेवढ्यात सुरू झाली. चहा राहू दे, पाणी राहू दे, "बसा" सुद्धा नाही.

"आलास? यायला लाज न्हाई वाटली? एका हप्त्याला दोन दंड लावलासा! कुठल्या गावचा न्याव हाय ह्यो?"

आप्पांनी मोबाइल काढून खातं उघडलं. आजीचं खरं होतं. हप्त्याचा हुकूम महिन्यात दोनदा बँकेत गेला होता, दोन्ही वेळा खाली हात परत आला होता, आणि दोन्ही वेळेचा दंड लागला होता. आप्पा काही बोलणार एवढ्यात आजीने आतून कागद आणला. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देताना व्याज, शुल्क, सगळं धरून वर्षाला खरंखुरं किती टक्के पडतं आणि हप्ता चुकला तर दंड किती, ते एका पत्रकात लिहून, कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. हजारो लोक ते मोबाइलवर न वाचता अंगठ्याने वर ढकलतात आणि 'मान्य' दाबतात. आजीने नातवाकडून त्याची छपाई करून आणली होती आणि घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवली होती.

"वाच," ती म्हणाली.

आप्पांनी उभ्याने वाचलं. अख्खं वाचलं. मागाच्या आवाजात ओरडून वाचलं. शेजारच्या दोन बायका ऐकायला आल्या. दंडाच्या रकमेवर व्याज चढवता येणार नाही, असा नियम आता आहे. त्या ओळीला आल्यावर आजीने "थांब" म्हटलं, ती ओळ परत वाचायला लावली, आणि शेजारणींकडे बघितलं. मग आणखी दहा मिनिटं तिने कंपनीचा, आप्पांचा, नातवाचा आणि मशीनमध्ये साड्यांचा रंग जातो म्हणून मशीनचाही उद्धार केला. आप्पा ऐकत होते. मधे मधे "व्हय आज्जी", "खरं हाय आज्जी" एवढंच. शेवटी तिने कनवटीचं पाकीट सोडलं, एक हप्ता आणि एक दंड मोजून हातात दिला. "दुसरा न्हाई देणार. सांग तुज्या साहेबाला."

आप्पांनी मोबाइलवर पावती दिली आणि दुसऱ्या दंडाच्या माफीसाठी पुण्याच्या हेड ऑफिसला मेल टाकला. ती माफी यायला सव्वा महिना गेला. आजीचा पुढचा हप्ता त्याच्या आधी, तारखेच्या आदल्या दिवशी जमा झाला होता.

"भांडतोय म्हंजे काय?" आप्पा उसाच्या गाड्यावर रस पिता पिता मला समजावत होते. "त्याला डोसक्यात हिशेब हाय. किती दिलं, किती ऱ्हायलं, तुमी किती जास्त घेतलं. ज्याला द्यायचंच न्हाई, त्यो हिशेब कशाला ठेवील?"

आता गंमत अशी की हिशेब ठेवायची गरजच नाही, असं कर्ज देणारे लोकच गिऱ्हाइकाला सांगतात. 'शून्य टक्के'चंच घ्या. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना लिहून कळवलं होतं. व्याज असतं, ते वस्तू बनवणारी कंपनी नाहीतर दुकानदार भरतो, नाहीतर रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती गिऱ्हाइकाला मिळत नाही. दुकानातली पोरं 'बारा-चार'ची स्कीम सांगतात: १२ हप्ते, त्यातले ४ आधीच भरायचे. ३० हजारांच्या टीव्हीला १० हजार जागेवर, उरलेले अडीच हजाराचे आठ. हे तरी सरळ आहे. 'फ्लॅट' व्याजाचा मामला त्याहून गोड. एक लाख एका वर्षासाठी फ्लॅट १२ टक्क्यांनी घेतले की महिन्याला ९,३३३ रुपये पडतात. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं आणि व्याज मात्र पूर्ण लाखावर चाललेलं असतं, म्हणून खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. हे मला कॉमर्स शिकून कळायला दोन वर्षं लागली. आप्पांना एका हुपरीच्या चांदीवाल्याने भांडता भांडता पाच मिनिटांत शिकवलं.

आप्पांच्या इलाख्यात भांडणाचा दर्जाही वरचा आहे, कारण इथं ऊस आहे. कारखान्याला ऊस घातला की १४ दिवसांत त्याचा दर शेतकऱ्याला मिळायला हवा आणि उशीर झाला तर कारखान्याने वर्षाला १५ टक्के व्याज द्यावं, असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. हे आप्पांना कुठल्या प्रशिक्षणात सांगितलेलं नाही. शिरोळकडच्या एका गिऱ्हाइकाने बांधावर उभं राहून सांगितलं.

"आप्पा, माजं बिल कारखान्याकडं तटलंय. कायद्यानं त्येला १५ टक्के याज लागतंय. त्ये याज मला कधी मिळालंय का? मग तुज्या कंपनीला तिचं याज येळंवर कशाला पायजे? तिला कायदा येगळा हाय का?"

आप्पांनी हा प्रश्न तसाच्या तसा पुण्याच्या साहेबांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. साहेबांनी अंगठा पाठवला.

त्याच शिरोळात २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णा घरात शिरल्या. पाणी उतरल्यावर आप्पा गेले तर दारोदारी चिखलात फ्रीज आडवे पडलेले. हप्ते उभे. त्या महिन्यात आप्पांनी कुणाला काही विचारलं नाही आणि नोंदीत 'घर बंद' असं लिहीत गेले. पुण्याहून विचारणा झाली, एका गावात दीडशे घरं बंद कशी? आप्पांनी दाराचा फोटो काढून पाठवला. फोटोत दार नव्हतं.

२०२० मध्ये वेगळाच प्रकार झाला. मार्च ते ऑगस्ट, सहा महिने, हप्ते पुढं ढकलायची सवलत आली. व्याज चालूच होतं, पण मागायचं नाही असा हुकूम. आप्पांच्या हयातीत प्रथमच त्यांना गिऱ्हाइकाकडं काही मागायचं नव्हतं. आठवडाभर ते घरात अस्वस्थ फिरले. मग गिऱ्हाइकांचेच फोन यायला लागले. इचलकरंजीच्या आजीचाही आला; तेव्हा तिचं आधीचं एक कर्ज चालू होतं.

"का रं, फोन न्हाई तुजा? बरा हाईस न्हवं?"

"बरा हाय आज्जी."

"मग बोल की कायतरी. भांडायला बी कोण न्हाई हितं."

एका गोष्टीत मात्र आप्पांवर अन्याय आहे. थकलेल्या कर्जदाराला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नाही, त्याच्या घरच्यांना, ओळखीच्यांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये पुन्हा बजावलं. उत्तम नियम. पण तो कर्जदाराला आहे, आप्पांना नाही. महिनाअखेरीला आप्पांना सकाळी साडेसातला पुण्याचा फोन येतो, 'आजची कमिटमेंट काय?' दुपारी एकला येतो, 'किती झालं?' रात्री साडेदहाला येतो, 'का झालं नाही?' त्यांच्या बायकोचाही नंबर साहेबांकडे आहे. आप्पांचा फोन लागला नाही की तिला येतो. "एखादा हप्ता थकवून बघते मी," ती एकदा मला म्हणाली, "म्हंजे मला तरी सातनंतर सोडतील."

'भांडतो तो भरतो' या सिद्धांताचा घरावर परिणाम व्हायचाच. दूधवाला हिशेबावरून भांडला की आप्पा खूष होतात. भाडेकरू गोड बोलला की रात्री झोप नाही. पुतणीला स्थळ बघायला गेले तेव्हा मुलगा नम्र होता, चहा स्वतः घेऊन आला, आप्पांच्या पाया पडला. सगळे भाळले. आप्पा परत येताना गाडीत गप्प. मग म्हणाले, "नको." का, तर "एका बी गोष्टीवर त्यानं न्हाई म्हटलं न्हाई." २०२५ च्या सुरुवातीला मूर्तिजापूरकडं मुलाचा सिबिल बघून मुलीकडच्यांनी लग्न मोडल्याची बातमी पेपरात आली, ती शाखेत सगळ्यांनी चवीने वाचली. आप्पांना ती अर्धवट वाटली. सिबिलनं फक्त मागचं कळतं, त्यांचं म्हणणं. पुढचं कळायचं तर लग्नाच्या याद्या करताना नवरदेव मंडपाच्या खर्चावरून भांडतो का ते बघावं.

आणि मग कंपनीने यंत्र आणलं.

हप्त्याची आठवण करून द्यायला आता बाईच्या आवाजात संगणक फोन करतो. आवाज गोड, मराठी शुद्ध, 'ळ' स्वच्छ. "नमस्कार. मी आपल्या कर्जखात्यासंदर्भात बोलत आहे. आपण देय रक्कम केव्हा भरणार आहात?" पलीकडे शेतात मोटार चालू असते. "कोण बोलतंय? आप्पा कुठाय?" "क्षमस्व, मला समजले नाही. आपण देय रक्कम केव्हा..." यापुढचं गिऱ्हाइकाचं बोलणं छापण्याजोगं नसतं. यंत्र शांतपणे ऐकतं आणि नोंद करतं: ग्राहक आक्रमक, भरण्यास नकार, धोका जास्त. झोपाळ्यावरच्या मालकांनाही फोन गेला. त्यांनी यंत्राला "ताई" म्हटलं, तब्येत विचारली आणि सोमवारी नक्की भरतो असं सांगितलं. नोंद झाली: ग्राहक सहकार्यशील, वचन दिले, धोका कमी.

महिनाअखेरीला पुण्याहून याद्या आल्या. 'धोका कमी'ची यादी कॉल सेंटरला. 'धोका जास्त'ची वकिलांच्या नोटिशीला. आप्पांनी दोन्ही याद्या माझ्या टेबलावर पसरल्या आणि चष्मा लावून बोट फिरवत गेले. दुसऱ्या यादीत आजी होती. उसाच्या कायद्यावाला होता. हुपरीचा चांदीवाला होता.

"हे समदं माजं सोनं हाय," आप्पा म्हणाले. "ह्यांना नोटीस?"

मी म्हटलं, यंत्रानं आवाजाची पट्टी मोजली, शिव्या मोजल्या, त्यावरून ठरवलं.

"शिव्या मोजल्या ते बरं केलं. त्याचा अर्थ उलटा लावला."

त्यांनी साहेबांना फोन करून 'धोका जास्त'ची पूर्ण यादी मागून घेतली. साहेब गहिवरले. या वयात, अवघड केसेस, स्वतःहून! बाकीची पोरं 'सहकार्यशील' यादीवर तुटून पडली आणि महिनाभर ठिकठिकाणी पोहे खात राहिली. आप्पा रोज सकाळी रेनकोट घालून निघायचे, संध्याकाळी सातच्या आत घसा बसवून यायचे. तिमाहीच्या शेवटी पश्चिम महाराष्ट्रात त्यांचा आकडा पहिला आला.

पुण्याला हॉटेलात वार्षिक मेळावा झाला. साहेबांनी आप्पांना व्यासपीठावर बोलावलं, शाल दिली, काचेची ट्रॉफी दिली आणि आक्रमक ग्राहक कसा हाताळावा यावर चार शब्द बोलायला सांगितले. आप्पांनी माइक तोंडाजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"काय न्हाई साहेब. शिव्या खाल्ल्या."

हॉल हसला. साहेब सगळ्यात आधी हसले. पुढच्या आठवड्यात सगळ्या शाखांना प्रशिक्षणाची फाईल आली. तिच्यात आप्पांचा शालीतला फोटो होता आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: एम्पथी.

आप्पांनी मला स्क्रीनजवळ बोलावून ते काय आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी फोटोकडे आणि अक्षरांकडे आलटून पालटून बघितलं.

"बरं. ह्याचा इन्सेंटिव्ह किती?"

तसं काही नाही, मी म्हटलं. त्यावर आप्पा पुण्याला फोन लावून तासभर भांडले.